सर्वम ताळ मयम: मृदंग घडवणारे हात आणि वाजवणारे हात

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: ‘सर्वम ताळ मयम’ हा तमिळ चित्रपट तुम्ही पाहिला आणि तो मनातून जात नाही. तुम्ही हौसेनं तबला वाजवता, पण कर्नाटक संगीत फारसं ऐकलेलं नाही. त्यामुळे चित्रपटात दाखवलंय ते कितपत खरं, मृदंग बनवणाऱ्याच्या मुलाला तो वाजवायला शिकणं खरोखर इतकं अवघड आहे का, आणि त्यातलं वादन ऐकायचं तरी कसं, हे तुम्हाला समजून घ्यायचंय. मी मृदंगम् वाजवतो आणि शिकवतो. उत्तर लांबेल, पण विषयच तसा आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. राजीव मेनन दिग्दर्शित हा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. संगीत ए. आर. रहमान यांचं. पीटर (जी. व्ही. प्रकाश कुमार) हा चेन्नईतला उनाड पोरगा, नट विजयचा कट्टर चाहता. त्याचे वडील जॉन्सन मृदंग बनवतात. घर दलित ख्रिश्चन. एकदा वाद्य पोचवायला गेलेला पीटर वेंबू अय्यर (नेडुमुडी वेणू) या बुजुर्ग मृदंगवादकाची मैफल ऐकतो आणि त्यांच्याकडेच शिकायचं ठरवतो. पुढे गुरूचा नकार, मग स्वीकार, जुन्या शिष्याचा मत्सर, टीव्हीवरची स्पर्धा, हकालपट्टी, भटकंती आणि परत येणं.

यातली सर्वांत खरी गोष्ट पहिल्या काही मिनिटांतच येते: बापाच्या हातातलं वाद्य, आणि त्या वाद्यापासून दूर ठेवलेला मुलगा. बाकीचं कथानक थोडंफार सिनेमासारखं पुढे सरकतं, पण हा पाया भक्कम आहे. मेनन हे ज्येष्ठ मृदंगवादक उमयाळपुरम शिवरामन यांच्यावर माहितीपट करत होते. त्या कामात त्यांची एका मृदंग कारागिराशी गाठ पडली आणि तिथून ही कथा उगवली.

आधी वाद्य समजून घेऊ, कारण ते समजलं की जातीचा प्रश्न आपोआप उलगडत जातो.

मृदंगमाचं खोड फणसाच्या लाकडाचं असतं, आतून पोखरलेलं. तोंडं दोन, उजवं लहान, डावं मोठं. पुड्यांना आणि त्या ताणून बांधणाऱ्या वाद्यांना, म्हणजे कातडी पट्ट्यांना, गाय, म्हैस आणि शेळी अशा तिन्ही जनावरांचं कातडं लागतं. उजव्या पुडीवर तबल्यासारखी काळी शाई असते. काळ्या दगडाची पूड भातात मळून तिचे पातळ थर एकावर एक चढवतात आणि प्रत्येक थर घासून घासून गुळगुळीत करतात. उजव्या पुडीच्या थरांमध्ये काडीचे किंवा दगडाचे बारीक तुकडे सरकवतात. काडी घातलेला तो कुच्ची मृदंगम्, दगड घातलेला तो कप्पी मृदंगम्. तबल्याला अशी सोय नाही. चापू या उजव्या पुडीवरच्या बोलात जी चरचरीत झंकार येते ती या तुकड्यांमुळे. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी रव्याचा ओला गोळा लावतात. आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात तेच काम, आणि ती खरवडून काढण्याचा उपद्व्यापही तोच.

आता त्या शाईकडे नीट बघा. साध्या ढोलाच्या कातड्यावर थाप मारली तर निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याला ठरावीक सूर लागत नाही. मध्यभागी शाईचा भार दिला की हेच उपस्वर मूळ सुराच्या पटीत येतात आणि कातडं गाऊ लागतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३० च्या दशकात यावर संशोधन प्रसिद्ध केलं. भौतिकशास्त्राच्या भाषेत त्यांनी ते मांडलं. कारागिरांच्या बोटांना आणि कानांना ते पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. शाईचा एक थर जास्त झाला तर नाद बसका होतो, कमी झाला तर पोकळ. काठावर सगळीकडे एकच षड्ज लागतोय की नाही हे ठरवायला यंत्र वापरत नाहीत. कारागीर पुडी ठोकतो, ऐकतो, पुन्हा घासतो. ज्याचे कान कच्चे आहेत त्याला हे काम एक दिवसही जमणार नाही.

म्हणूनच जॉन्सनला फक्त कारागीर म्हणणं मला खटकतं. त्याला सूर कळतो, तोही अत्यंत बारकाईनं. गायिकेचा षड्ज उंच, गायकाचा खाली. त्यामुळे वादकाकडे वेगवेगळ्या सुरांचे मृदंग असावे लागतात आणि प्रत्येकाची घडण निराळी होते. कुठल्या वादकाचा हात जड, कुणाला डाव्या बाजूची गुमकी, म्हणजे घुमारा, जास्त हवी, कुणाची चापू कशी पडते, हे सगळं कारागिराच्या डोक्यात असतं. पालघाट मणि अय्यर (१९१२–१९८१) हे विसाव्या शतकातल्या मृदंगवादनातलं शिखर. त्यांच्या नादामागे तंजावरच्या सेवित्तियन या कारागीर घराण्यातले पर्लांदु होते. दोघांनी मिळून कातड्याची निवड, शाई, ताण यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. मणि अय्यरांच्या ध्वनिमुद्रणांतला जो आवाज ऐकून आपण माना डोलावतो, त्याचे कर्ते दोघं आहेत. मंचावर नाव मात्र एकाचं.

इथे मिरज आठवतं. तिथल्या तंतुवाद्य बनवणाऱ्या घरांना सितारमेकर हे आडनावच मिळालं आणि मोठमोठे गवय्ये त्यांच्या दुकानात येऊन बसत. मृदंगाच्या बाबतीत तसं घडलं नाही, कारण मध्ये मेलेल्या जनावराचं कातडं आहे. ज्या कट्टर शाकाहारी घरांत मृदंगाची पूजा होते, त्याच घरांत गाईचं कातडं कमावणारा माणूस ओट्याच्या आत येत नसे. हा विरोधाभास दक्षिणेतल्या संगीतविश्वानं फार काळ न बोलता सांभाळला. गायक टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्या या घराण्यांवर ‘सेबास्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा २०२० च्या सुरुवातीला चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेनं प्रकाशन समारंभासाठी दिलेलं सभागृह ऐनवेळी नाकारलं. समारंभ दुसरीकडे झाला. चित्रपट येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. म्हणजे पीटरची गोष्ट जुन्या काळातली आहे असं मानायचं कारण नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बंदी कुठेही लिहिलेली नाही, आणि तरीही कारागिरांच्या घरातून मैफलीच्या मंचावर पोचलेली माणसं जवळजवळ दिसत नाहीत. कर्नाटक संगीत केवळ ब्राह्मणांचं होतं असं मात्र समजू नका. नागस्वरम् (सनईसारखं वाद्य) आणि तविल (त्याच्या साथीचा ढोल) वाजवणारा इसै वेळाळर हा ब्राह्मणेतर समाज या संगीताच्या कण्यासारखा आहे. मृदंगातली पुदुकोट्टई शैलीही ब्राह्मणेतरांकडची. तिचे आद्य पुरुष मान्पूण्डिया पिळ्ळै यांनी खंजिरीला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. पळनि सुब्रमणिय पिळ्ळै (१९०८–१९६२) हे मणि अय्यरांच्या तोडीचे, अनेकांच्या मते डाव्या हाताच्या नादात त्यांच्याही पुढचे. ते डावखुरे होते. त्यामुळे मंचावर बसण्याची जागा बदलावी लागे आणि काही व्हायोलिनवादक तेवढ्यावरून कुरकुरत. ख्रिश्चन असण्याचीही मुळात आडकाठी नव्हती. तंजावरच्या अब्राहम पंडितर यांनी १९१७ मध्ये संगीतशास्त्रावरचा मोठा तमिळ ग्रंथ काढला. ख्रिश्चन घरातले गायक येसुदास यांना थोर गायक चेंबै वैद्यनाथ भागवतरांनी शिकवलं आणि मंचावर मानानं बसवलं. दार बंद राहिलं ते कातड्याला हात लावणाऱ्यांसाठी. धर्म बदलला तरी तो शिक्का पुसला गेला नाही, आणि पीटरच्या घरात येशूची तसबीर असूनही गावी त्याची जात आडवी येते, हे चित्रपटानं अगदी बरोबर पकडलंय.

दुसरं कारण पैशाचं आणि वेळेचं. गुरूकडे राहून शिकायचं म्हणजे कमाई न करता अनेक वर्षं काढायची. कारागिराच्या घरात मूल दहा-बारा वर्षांचं झालं की वादी ओढायला बसतं. बोटांना घट्टे पडतात. ती बोटं पुन्हा चापूसाठी मऊ करणं सोपं नसतं.

स्त्रियांचा मुद्दा चित्रपटात जवळपास नाही, तरी सांगतो. मणि अय्यर दीर्घकाळ गायिकांना साथ करत नसत. गायिका डी. के. पट्टम्माळ यांच्या लयीवरच्या पकडीनं त्यांचा तो नेम मोडला, आणि पुढे मणि अय्यरांची मुलगी पट्टम्माळ यांची सून झाली. दार उघडतं ते बहुधा असंच, एखाद्याच्या गुणापुढे. पण एकाला वाट मिळाली म्हणून मागच्या रांगेला ती मिळतेच असं नाही.

आता चित्रपटातलं एक गाणं, कारण त्यात दिग्दर्शकाची भूमिका सगळ्यात स्पष्ट दिसते. ते आहे ‘वरलामा’, श्रीराम पार्थसारथी यांनी गायलेलं, स्वतः राजीव मेनन यांनी बांधलेलं. याच्यामागे गोपालकृष्ण भारती या जुन्या तमिळ रचनाकाराची ‘नंदनार चरित्रम’ ही रचना उभी आहे. नंदनार हा शेतमजूर, जातीमुळे देवळाबाहेर उभा राहून ‘मी येऊ का?’ असं शिवाला विचारणारा भक्त. तिरुप्पुंकूरच्या देवळात त्याला दर्शन व्हावं म्हणून नंदी बाजूला सरकला अशी कथा आहे. आपल्याला चोखोबा माहीत आहेत, तेव्हा हे गाणं ऐकताना भाषा कळली नाही तरी गळा दाटून येतो. पीटरच्या तोंडी नंदनारचा प्रश्न येतो तेव्हा देवळाच्या जागी गुरूचं घर असतं. मला हा चित्रपटातला सर्वांत उंच क्षण वाटतो, अखेरच्या स्पर्धेपेक्षा कितीतरी उंच.

वादनाकडे येऊ. तुम्ही तबला वाजवता, म्हणून फरक तिथूनच सांगतो. तीनताल सुरू झाला की तबला ठेका धरतो. ठेका ऐकून सम, खाली सगळं कळतं. गवई त्या आधारावर मोकळा फिरतो. मृदंगमाला ठेका नाही. ताल हातावर मोजतात, गायक मोजतो, जाणकार श्रोतेही मांडीवर मोजतात. आदितालाचे आठ ठोके असे: एक टाळी, मग करंगळी, अनामिका आणि मधलं बोट, पुन्हा टाळी आणि हात उलटा, परत टाळी आणि हात उलटा. हा हिशेब हातात असल्यामुळे मृदंगमाला ठेका धरून बसावं लागत नाही. तो गाण्याच्या अंगानं जातो. पल्लवी, म्हणजे रचनेचं धृपद, मध्य सप्तकात चालली असेल तर हात थोडा राखून वाजवतो, अनुपल्लवी, म्हणजे तिच्यानंतरचा भाग, वर चढली की नाद भरतो, शब्द लांबवला तिथे थांबतो. म्हणजे मृदंगवादकाला ती रचना गायकाइतकीच पाठ असावी लागते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की हा मनाला येईल ते वाजवतोय. वेंबू अय्यर पीटरला गाणं ऐकायला लावतात त्याचं कारण हेच.

आणखी एक गंमत समजली की ऐकण्यात मजा येईल. आपण तिहाई समेवर आणतो. इथे पुष्कळदा ती समेवर येत नाही, गाण्याची ओळ जिथून उचलते तिथे येते. त्या जागेला एडुप्पु म्हणतात. कित्येक कृती (बांधलेल्या रचना) समेनंतर अर्ध्या किंवा दीड ठोक्यानं सुरू होतात. साधं गणित करून बघा. आदितालाच्या प्रत्येक ठोक्यात चार मात्रा धरल्या तर एका आवर्तनात ३२. ‘त धि गि न तोम’ हे पाच मात्रांचं वाक्य तीनदा घ्या आणि मध्ये दोन-दोन मात्रांची जागा सोडा: ५, २, ५, २, ५, एकूण १९. समेवर यायचं तर १३ मात्रा सोडून चौदावीवर उचला. पण गाणं दीड ठोक्यावर, म्हणजे सहा मात्रांनंतर सुरू होत असेल, तर १९ सोडून विसावीवर उचलावं लागेल, आणि शेवटचा तोम संपता संपता गायकाचा पहिला शब्द पडेल. हा अगदी पोरांचा धडा झाला. खऱ्या कोर्वैत, म्हणजे अशा हिशेबानं बांधलेल्या तिहाईसारख्या समारोपात, वाक्यं लहान-मोठी होत जातात, एका ठोक्यातल्या मात्रांची विभागणी बदलते, आणि तरी शेवट बरोबर त्याच जागी येतो. हे आधी तोंडानं म्हणून बघा. हातापेक्षा तोंडाला ते लवकर कळतं.

मैफलीत एका टप्प्यावर गायक थांबतो आणि फक्त तालवाद्यं वाजतात, मृदंगम्, असलं तर घटम् (मातीचा घडा) किंवा खंजिरी. त्याला तनि आवर्तनम् म्हणतात. चेन्नईच्या मार्गळी महिन्यातल्या (डिसेंबर-जानेवारी) महोत्सवात याच वेळी अर्धं सभागृह कॉफी प्यायला उठतं. मृदंग वाजवणाऱ्या कुणालाही हे दृश्य बोचतं. तासभर जो माणूस दुसऱ्याचं गाणं खांद्यावर घेऊन चालला, त्याचं स्वतःचं बोलणं सुरू झालं की लोक पाठ फिरवतात. ज्या मैफलीनं पीटर भारावतो, तिथे कॅमेरा वेंबू अय्यरांच्या हातांवरून हलत नाही. वाद्य पोचवायला आलेला पोरगा थक्क होऊन ऐकत राहतो. मला हे फार आवडलं.

माझी खरी तक्रार आहे ती शेवटाबद्दल. अख्खा चित्रपट सांगतो की मृदंगम् हा साथ करण्याचा, ऐकण्याचा धर्म आहे. वेंबू अय्यर टीव्हीच्या झगमगाटाला विरोध करतात. आणि मग पीटरची पारख होते ती टीव्हीवरच्या स्पर्धेत, परीक्षकांसमोर, वेगाच्या जोरावर. भारतभर फिरून निरनिराळ्या वाद्यांचे ठेके गोळा करणं ही कल्पना पडद्यावर देखणी दिसते, पण काही महिन्यांच्या प्रवासातून लय अंगात मुरत नाही. पीटर एखाद्या मोठ्या गायकाच्या मागे बसून एक संथ कृती शांतपणे वाजवताना दाखवला असता आणि गायकानं वळून त्याच्याकडे नुसतं पाहिलं असतं, तर माझ्यासारख्याला तीच खरी जीत वाटली असती. दुसरी तक्रार जॉन्सनबद्दलची. चित्रपट त्याच्या कामाच्या जागी पुरेसा थांबत नाही. मुलाला मिळालेला कान कुणाकडून आला, हे एका प्रसंगात तरी दिसायला हवं होतं.

कलाकारांच्या हातांविषयी तुम्ही विचारलं नाही, तरी तबलजीची नजर तिकडे गेली असणारच. जी. व्ही. प्रकाश स्वतः संगीतकार आहेत आणि या भूमिकेसाठी त्यांनी उमयाळपुरम शिवरामन यांच्याकडे तालीम घेतली. बोटं बहुतेक ठिकाणी बरोबर पडतात. नेडुमुडी वेणू तर स्वतः तालवाद्यात रमणारे. मृदंगावर हात ठेवण्याची त्यांची ढब इतकी सहज आहे की वादकांनीही दाद दिली.

आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं एक नाव सांगतो: नारायणस्वामी आप्पा. तंजावरला मराठ्यांचं राज्य १६७६ पासून १८५५ पर्यंत होतं. तिथल्या मराठी समाजातून मृदंगाचे जे थोर वादक झाले त्यांत हे नाव अग्रभागी घेतात. तंजावर शैलीची परंपरा सांगताना जाणकार त्यांच्यापाशी थांबतातच. मराठी कीर्तन त्या मुलखात गेलं, तिथे हरिकथेचं रूप घेतं झालं, साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद तमिळ कथाकारांच्या तोंडी बसले. ज्या गावात कारागिरांची ही घराणी वाढली, त्या गावाच्या संगीतात आपलीही काही पाळंमुळं आहेत. म्हणजे जातीच्या या हिशेबातही आपण केवळ लांबून बघणारे नाही.

पुढे ऐकायचं असेल तर मुंबईत षण्मुखानंद सभा आणि चेंबूरची फाइन आर्ट्स सोसायटी इथल्या कर्नाटक मैफलींना जा. बाजूला बसून मृदंगवादकाचे हात दिसतील अशी जागा धरा, आणि पहिल्या दोन-तीन मैफलींत फक्त आदिताल हातावर धरायचा प्रयत्न करा. घरी ऐकायला एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या मैफलींमधली टी. के. मूर्ती यांची साथ घ्या, गायिकेच्या श्वासाबरोबर चालणारी. मग मणि अय्यर, मग पळनि. आणि शिकायची इच्छा झाली तर गुरू पहिल्या दिवशी ‘त धि तोम नम’ या चार बोलांवर बसवतील आणि बराच काळ तिथेच ठेवतील. तबल्याचं बोट तिथे फारसं उपयोगी पडत नाही. डग्ग्यावर मनगट घासून मींड काढायची सवय तर आधी सोडावी लागते, कारण मृदंगम् आडवा असतो आणि डावा हात मोकळाच पडतो. लयीची जाण मात्र तुमच्याबरोबर येईल, आणि पुढे कोर्वैचं गणित सुरू झालं की ती तुमच्या कामाला येईल.